जुनं सामान विकताना घेणाराच टोपी घालतो तेव्हा

टिचकी (धागाकर्ता)

परवा मी कार्डाच्या सोळा आकड्यांपैकी बारा टाइप केले होते. शेवटचे चार राहिले म्हणून आज हा धागा काढतोय, नाहीतर तोंड लपवून बसलो असतो.

दोन वर्षं कपाटात पडून असलेला कॅमेरा आणि दोन लेन्स विकायला काढल्या. जाहिरात टाकून चार मिनिटं झाली नसतील, तोच मेसेज: 'वस्तू आहे का अजून?' आहे म्हटलं. लगेच पुढचा: 'ठीक, घेतो.' ना घासाघीस, ना ओरखडे आहेत का विचारलं, ना बिल आहे का. मी मनात म्हटलं, गिऱ्हाईक असावं तर असं!

मग म्हणाला, मी प्रवासात आहे, कुरिअरवाला येऊन पार्सल नेईल, पैसे मी साइटवर भरलेत, तुम्ही फक्त स्वीकारा. लिंक आली. उघडली तर साइटचा तोच रंग, तेच चिन्ह, माझ्याच कॅमेऱ्याचा फोटो, माझंच वर्णन. वर्णनातली माझी शुद्धलेखनाची चूकसुद्धा जशीच्या तशी. खाली मोठं हिरवं बटण: 'पैसे मिळवा'. दाबलं. कार्ड नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, आणि त्याखाली आणखी एक चौकट: 'कार्डावरील सध्याची शिल्लक'. कोपऱ्यात एक मदतनीस 'काही अडचण आहे का?' म्हणून गप्पा मारायला हजर.

बायको मागे उभी होती. म्हणाली, "पैसे तुला येणारेत ना? मग तुझ्याकडे किती आहेत ते कशाला हवंय त्यांना?"

हात तिथेच थांबला.

आजवर माझी समजूत अशी की ऑनलाइन व्यवहारात फसतो तो घेणारा. पैसे भरले आणि खोक्यात वीट आली, वगैरे. आपण विकणारे, आपल्याकडे तर पैसे येणार, आपलं काय जाणार? या एका समजुतीपायी मी सगळ्या शंका गिळल्या होत्या. तुमच्यापैकी कुणाला असे घेणारे भेटलेत का? वाचले असाल तर कसे, आणि अडकले असाल तर कुठे, ते लिहा. लाजू नका, सुरुवात मी केलीच आहे.

खुंटी

बायकोला दंडवत सांगा.

हे पान कुणी तुमच्यासाठी रात्रभर जागून बनवलेलं नाही. या प्रकाराला 'क्लासिस्कॅम' म्हणतात. ग्रुप-आयबी नावाच्या सायबर सुरक्षा कंपनीने हे नाव दिलं. २०१९ मध्ये रशियात हे पहिल्यांदा दिसलं आणि मग देशोदेशी पसरलं. टेलिग्रामवर एक बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्राम असतो. भामटा तुमच्या जाहिरातीची लिंक त्यात टाकतो, बॉट तिच्यातला फोटो-वर्णन उचलून खोटं पान तयार करून देतो. म्हणूनच तुमची शुद्धलेखनाची चूकसुद्धा तिथे पोचली. बोलणारा वेगळा, पान पुरवणारा वेगळा, कार्डातून पैसे काढणारा वेगळा, आणि लुटीत प्रत्येकाचा वाटा ठरलेला. तुमच्याशी गोड बोलत होता तो बहुधा सगळ्यात खालचा नोकर.

शिल्लक कशाला, तर एकदम किती काढायचे ते कळावं म्हणून. शिलकीपेक्षा जास्त मागितले तर व्यवहार नाकारला जातो आणि तुम्ही सावध होता.

पाकोळी

बापरे. हे वाचून मी माझी जाहिरात पुन्हा जाऊन बघितली.

एक विचारते, पत्त्याच्या आधी कुलूप होतं का? मी कुलूप बघूनच पुढे जाते.

खुंटी

पाकोळी, त्या कुलपावर विसंबू नका. कुलूप म्हणजे तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही, एवढंच. समोरचा चोर असला तर चोराशी खासगीत बोलताय, झालं! कुलपाचं प्रमाणपत्र आता फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, भामटेही घेतात. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचं चित्र काढून तिथे साधं सेटिंगचं चिन्ह ठेवलं.

बघायचं ते पत्त्यात. आणि पत्ता वाचायचा उलटा. पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे या. 'ओळखीचीसाइट.डिलिव्हरी-पेमेंट.कॉम/ऑर्डर' असं असेल तर मालक 'डिलिव्हरी-पेमेंट.कॉम'. सुरुवातीचं ओळखीचं नाव नुसतं पाटीवर रंगवलेलं. फोनच्या पडद्यावर पत्त्याची शेपटी बऱ्याचदा कापली जाते, त्याचाच हे फायदा घेतात.

यापेक्षा सोपं म्हणजे आलेल्या लिंकवरून जायचंच नाही. आपणहून ॲप उघडायचं आणि तिथे ऑर्डर दिसते का बघायचं. खरे पैसे भरले असतील तर तिथे दिसतीलच.

हिशोबनीस

बँकेत आयुष्य गेलं, आता निवृत्त. या विषयावर बोलायला मला चावी द्यावी लागत नाही, तेव्हा लांबण लागली तर माफ करा.

टिचकी, तुझ्याशी झालं ती नवी तऱ्हा. जुनी तऱ्हा अजून जिवंत आहे आणि ती जास्त दुष्ट आहे, कारण तिच्यात पैसे खरोखर खात्यात दिसतात. घेणारा ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो. मग ओशाळून म्हणतो, अहो चूक झाली, किंवा वरचे पैसे टेम्पोवाल्याला द्यायचे आहेत, तेवढे तुम्ही त्याला पाठवा. तुम्ही खातं बघता, रक्कम जमा. तुम्ही भले माणूस, वरचे पाठवून देता. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी चेक खोटा निघतो आणि बँक पूर्ण रक्कम तुमच्या खात्यातून वळती करून घेते. सामान गेलेलं, वरचे पैसेही गेलेले, आणि आता बँकेचं देणं तुमच्या डोक्यावर.

माझ्या टेबलासमोर बसून एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "मॅडम, पैसे आलेले मी स्वतः पाहिले. मग ते आले नव्हते असं तुम्ही कसं म्हणता?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. 'जमा दिसणं' आणि 'चेक वटणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

अमेरिकेत तर ही फट कायद्यातच दिसते. १९८७ च्या तिथल्या कायद्याने बँकांना ठरावीक मुदतीत चेकची रक्कम ग्राहकाला वापरायला खुली करावी लागते. हेतू चांगला, लोकांचे पैसे बँकेने उगाच अडकवू नयेत. पण चेक खरा की खोटा हे कळायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. त्या मधल्या दिवसांवर भामटे जगतात.

चेक कुणी वापरत नाही म्हणून सुटलो असं समजू नका. कार्डाने भरलेले पैसेही परत खेचता येतात. कार्डधारकाने बँकेकडे तक्रार केली की रक्कम उलटते, आणि व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत त्यासाठी साधारण १२० दिवस मिळतात. पेपल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवर वाद घालायची मुदत १८० दिवसांची. चोरलेल्या कार्डाने किंवा हॅक केलेल्या खात्यातून कुणी तुम्हाला पैसे दिले, तर खरा मालक जागा झाला की ते जाणारच. म्हणून माझा प्रश्न नेहमी दुहेरी असतो. पैसे आले का, हा पहिला. आणि आलेले परत जाऊ शकतात का, हा दुसरा.

आणि जास्तीचे पैसे आले तर आपल्या हाताने कधीही परत करू नका. आपल्या बँकेला कळवा, ते आल्या वाटेने परत जातील.

ठिपका

मावशी, साष्टांग! वाचनखूण साठवली.

माझा अनुभव छोटा आहे. सायकल विकत होतो. माणूस प्रत्यक्ष आला, सायकल फिरवून बघितली, माझ्यासमोर फोनवर रक्कम टाकली, हिरवी बरोबरची खूण आली, आवाज आला, मला स्क्रीन दाखवली. माझ्या फोनवर मेसेजही आला. तो पॅडलवर पाय ठेवून निघणार एवढ्यात मी सहज खातं उघडलं, तर काहीच नाही. "सर्व्हर स्लो असेल," म्हणाला. मी म्हटलं, थांबू की मग, मला कुठे घाई आहे! पाच मिनिटं उभे राहिलो. दहा मिनिटांनी त्याला फोन आला, कुणीतरी आजारी पडलं आणि तो गेला. सायकल ठेवून.

नंतर कळलं, पैसे भरल्याचं नाटक करणारी नकली ॲप असतात. नाव, रक्कम, वेळ टाकली की हिरवी खूण आणि आवाज तयार. आणि मेसेज बँकेच्या नावाने आला तरी तो एका साध्या मोबाइल नंबरवरून आला होता, ते मी नंतर पाहिलं.

त्याचा फोन बघायचाच नाही. आपला बघायचा, आणि मेसेज नाही तर खातं.

पाकोळी

मला एकाने क्यूआर कोड पाठवला होता, 'स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्याकडे येतील'. केला नाही, पण का करायचा नाही ते कळलं नव्हतं. हसू नका.

खुंटी

हसण्यासारखं काही नाही, हुशार माणसं यात गेलीत.

क्यूआर म्हणजे चौकटीत लिहिलेला मजकूर, बाकी काही नाही. जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ मध्ये तो गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढला होता. पेमेंटच्या क्यूआरमध्ये 'या खात्यात पैसे पाठव' असं लिहिलेलं असतं. म्हणजे जो स्कॅन करतो तो देतो आणि ज्याचा कोड असतो तो घेतो. वस्तू घेणाऱ्याने विकणाऱ्याला कोड पाठवणं म्हणजे गिऱ्हाइकाने दुकानदाराला बिल देणं. कुणाकडून पैसे घ्यायला तुमचा पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्या खिशातून निघालेत, मग स्क्रीनवर 'रिसीव्ह' असं कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो.

'आधी थोडेसे टाकून बघतो' हाही त्यातलाच डाव. थोडेसे खरंच येतात, विश्वास बसतो, आणि दुसऱ्या वेळी दिशा उलटी होते.

सांजवारा

जरा दुसरी बाजू मांडू का? शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

मी घेणारा आहे. घरातलं जवळजवळ सगळं फर्निचर, दोन फोन, शिलाई मशीन, सगळं जुनं घेतलेलं. कामामुळे सतत फिरतीवर असतो, त्यामुळे 'मी प्रवासात आहे, कुणाला तरी पाठवतो' हे मी खरोखर म्हणतो. घासाघीस मला जमत नाही, किंमत पटली की घेतो. 'आहे का अजून?' हे तर मी पहिलंच विचारतो, नाहीतर दुसरं काय विचारायचं? वरच्या हिशेबाने मी पक्का चोर ठरतो. गेल्या महिन्यात एका बाईंनी मला ओळखपत्राचा फोटो, त्यासोबत सेल्फी, वर राहत्या घराचा पत्ता मागितला. का देऊ मी? उद्या माझ्या ओळखपत्रावर दुसऱ्याने जाहिराती टाकल्या तर?

टिचकी

सांजवारा, शिव्या नाहीत, मुद्दा बरोबर आहे. मी त्या चार मिनिटांच्या मेसेजवर संशय घ्यायला हवा होता असं मला आता वाटतं, पण तुम्ही म्हणता तसं, त्यात वावगं काहीच नव्हतं.

हिशोबनीस

सांजवारा म्हणतो ते मला पूर्ण पटतं. ओळखपत्र मागणं तर साफ चूक. चोरलेलं ओळखपत्र भामट्याकडे असतंच, तो ते हसत पाठवतो. देत नाही तो प्रामाणिक माणूस. त्या फोटोवरून काय सिद्ध होतं? काही नाही.

माणूस कसा बोलतो यावरून मी कधी अंदाज बांधला नाही. बँकेत सगळ्यात गोड बोलणारे दोन्ही गटांत असायचे. बघायचं ते एवढंच, की तो मला काय करायला लावतोय. प्रवासात आहे? असू दे. माणूस पाठवतोय? पाठवू दे, पैसे खात्यात पक्के झाल्यावर सामान देईन. यात प्रामाणिक माणसाचं काही बिघडत नाही. पण 'इथे क्लिक करा', 'हा कोड सांगा', 'वरचे परत पाठवा', 'आपण ॲपच्या बाहेर बोलू', असं विकणाऱ्याला काम लावलं की मी उठते. पैसे घेणाऱ्याला हात पुढे करण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

सांजवारा

हे मान्य. 'पैसे जमा झाल्याशिवाय देणार नाही' याचा मला कधीच राग आला नाही. चोर समजून बोललं की येतो.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय.

'हा कोड सांगा' यावरून आठवलं. सोफा विकत होतो. घेणारी म्हणाली, "हल्ली खोट्या जाहिराती फार, तुम्ही खरे आहात का बघायचंय, तुमच्या नंबरवर सहा आकड्यांचा कोड पाठवलाय, तो सांगा." मला ते इतकं रास्त वाटलं! तिलाच माझा संशय आहे म्हटल्यावर मीच स्वतःला सिद्ध करायला धडपडलो. कोड दिला. दहा मिनिटांत माझं चॅटचं खातं माझ्या फोनवरून बाहेर. मग माझ्या नावाने नातेवाइकांना 'अडचणीत आहे, पैसे पाठव'. एका भावाने पाठवलेसुद्धा. सोफा तसाच राहिला. भावाशी अजून नीट बोलणं होत नाही, ते पैसे मी भरून दिले तरी.

खुंटी

वाचनमात्र, लिहिलंत ते बरं केलंत.

अमेरिकेत यावर एफटीसी या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये इशारा दिला होता. तिथे तो कोड गुगल व्हॉइस या फोन नंबर देणाऱ्या सेवेचा असतो. तुमच्या नंबराला जोडून भामटा नवा नंबर उघडतो आणि पुढच्या लोकांना त्यावरून गंडवतो, माग काढला तर सापडता तुम्ही. कोडच्या मेसेजात बहुतेक वेळा 'कुणालाही सांगू नका' असं लिहिलेलंच असतं, पण आपण फक्त आकडे वाचतो.

चॅटच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, म्हणजे कोडबरोबर तुमचा स्वतःचा पिनही लागतो. आत्ता लावा, धागा नंतर वाचा.

बिनघोर

सगळं वाचलं. कुणी पार्सल पाठवून फसल्याचं सांगितलं नाही अजून, म्हणून माझं रडगाणं.

फोन विकला, एका मोठ्या साइटवरून, रीतसर साइटवरच पैसे, रीतसर कुरिअर. एकही नियम मोडला नाही. पोचल्यावर चौथ्या दिवशी तक्रार: 'फोन सुरूच होत नाही.' साइटने परत मागवायला सांगितलं. परत आला तो माझ्याच मॉडेलचा, माझ्याच रंगाचा, माझ्याच खोक्यात, पण दुसराच फोन. आतून पाणी गेलेला. माझा चालू फोन त्याने ठेवून घेतला आणि त्याचा मेलेला मला धाडला. साइट म्हणते फोन परत आलाय ना, मग घेणाऱ्याचे पैसे त्याला परत दिले. मी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, लिहून ठेवला नव्हता. काय सिद्ध करणार?

तेव्हापासूनचं माझं वेड सांगतो. फोन असेल तर *#०६# दाबून आलेला पंधरा आकडी आयएमईआय जाहिरातीच्या फोटोतच दाखवतो, शेवटचे काही आकडे झाकून. घेणाऱ्याला कळतं की हा नोंद ठेवणारा माणूस आहे. इतर वस्तूंचा अनुक्रमांक टिपतो. मागच्या झाकणाच्या आत, सहज दिसणार नाही अशा जागी, अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या पेनने एक खूण करतो. मग एकाच सलग व्हिडिओत: वस्तू चालू करून दाखवली, क्रमांक दाखवला, खोक्यात घातली, चिकटपट्टी लावली, पत्त्याची चिठ्ठी दाखवली, वजनकाट्यावर ठेवली. मध्ये कुठेही कापायचं नाही. परत आलेलं पार्सल उघडतानाही तसंच, आधी बंद खोक्याचं वजन.

व्हिडिओ सगळीकडे पुरावा म्हणून चालतो असं नाही. त्या मानाने कुरिअरच्या पावतीवरचं वजन जास्त पटतं, कारण ते तुम्ही लिहिलेलं नसतं. कुणी दगड भरून परत पाठवला तर पावत्यांवर वजनाचा फरक दिसतो. माझ्या केसमध्ये वजन सारखंच होतं म्हणा. सुरेख चोर होता.

ठिपका

पण साइटकडे घेणाऱ्याचा इतिहास असतो ना? वाईट रेटिंग द्यायचं.

बिनघोर

कुठे देता येतं? ईबे या खरेदी-विक्रीच्या साइटने २००८ मध्येच विकणाऱ्यांना घेणाऱ्याबद्दल वाईट अभिप्राय द्यायची सोय बंद केली. विकणारे सूड म्हणून वाईट अभिप्राय देतात, त्या भीतीने घेणारे खरं लिहीत नाहीत, असं कारण होतं. कारण खोटं नव्हतं. पण तेव्हापासून तिथे घेणाऱ्याच्या नावापुढे दिसतं ते सगळं गोडगोडच.

हिशोबनीस

याच्याच उलट्या टोकाची एक युक्ती आहे. घेणारा साइटवरून पैसे भरतो आणि म्हणतो, मी स्वतःच येऊन घेऊन जातो, कुरिअरचा खर्च वाचेल. विकणाऱ्याला बरंच वाटतं. नेतो, आणि आठवड्याने तक्रार करतो, वस्तू मिळालीच नाही. पोचवल्याची कुरिअरची नोंद नाही, सही नाही. ऑनलाइन भरणा असेल तर नोंद होईल अशा कुरिअरनेच, आणि साइटवर दिलेल्या पत्त्यावरच पाठवायचं. हातोहात द्यायचं असेल तर पैसेही हातोहात. दोन्हीची सरमिसळ केली की मधल्या फटीत आपणच पडतो. पार्सल निघाल्यावर 'पत्ता बदलला, इथे पाठवा' म्हणाला तरी तेच.

पाकोळी

रोखीत काय भीती? नोटा म्हणजे नोटा.

ठिपका

मोजून घ्यायच्या, आणि मोजल्यावर पुन्हा त्याच्या हातात द्यायच्या नाहीत. 'जरा बघू, मी नीट मोजल्या का' म्हणून परत घेतल्या आणि गड्डीतल्या चार गायब, हे डोळ्यांनी बघितलंय. मोठी रक्कम असेल तर बँकेत भेटा. तो काढेल, तुम्ही तिथल्या तिथे भराल, खोट्या नोटांचा प्रश्नच नाही. बँकेत यायला नाही म्हणणाऱ्यांची संख्या बघून गंमत वाटेल.

खुंटी

एक राहिलं. 'तुमचं खातं साधं आहे, माझे पैसे अडकलेत, बिझनेस खातं करा' असा ईमेल. अमेरिकेत झेल नावाच्या पैसे पाठवायच्या सेवेच्या नावाने हे फार चालतं. ईमेल कंपनीच्या थाटात असतो. त्यात लिहिलेलं असतं की घेणाऱ्याने तुमच्यासाठी जास्तीचे पैसे भरलेत, ते त्याला परत करा की सगळी रक्कम सुटेल. मुळात एक पैसाही आलेला नसतो. मावशींच्या जुन्या चेकचंच हे नवं रूप.

वाचनमात्र

जे अडकलेत त्यांनी आधी काय करावं? मी तेव्हा नुसता बसून राहिलो होतो.

हिशोबनीस

बसू नकोस, पहिला तास मोलाचा असतो. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरच बँकेला फोन. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'हेल्पलाइन'वर नाही, त्यातल्याही काही भामट्यांच्या असतात. कार्ड बंद, पासवर्ड बदल, पोलिसांत तक्रार. समोरच्याशी झालेलं बोलणं पुसू नकोस, रागाच्या भरात लोक आधी तेच करतात आणि पुरावा जातो. आणि पुढे कुणी 'तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा' म्हणत आला, तर तो त्याच टोळीचा किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेला. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

भावाला फोन कर. पैशांबद्दल नको, सहज.

सांजवारा

अवांतर: टिचकी, कॅमेरा आहे का अजून?

ठिपका

😂😂 पकडा याला!

टिचकी

चार दिवसांनी लिहितोय.

सांजवारा, कॅमेरा काल गेला. गृहस्थ भेटायला आले ते वहीत प्रश्न लिहून. जुनं बिल मागितलं, बिलावरचा अनुक्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी ताडून बघितला. मग आपलं कार्ड आत घालून एक फोटो काढला आणि त्या फाइलमधून शटर किती वेळा उडालंय, म्हणजे कॅमेरा किती वापरलाय, ते लॅपटॉपवर काढून मला दाखवलं. मी जाहिरातीत लिहिलं होतं त्यापेक्षा दोन हजारांनी जास्त निघालं. त्या हिशेबाने किंमत कमी केली त्यांनी, आणि मी काही बोलू शकलो नाही. पैसे पाठवले. मी खातं उघडून बघेपर्यंत ते शांतपणे लेन्सची झाकणं लावत बसले होते.

माझ्याकडे बघून म्हणाले, "घ्या बघून सावकाश. गेल्या खेपेला मीच फसलोय."

सांजवारा

म्हणजे दोन्ही लेन्स गेल्या?

टिचकी

छोटी आहे अजून. व्यक्तिगत निरोप करा. पण भेटून हं.